अकरापर्यंतचे आकडे

कापेल आन डेन आयसेल
१८ मे २०२५

"नऊ, दहा, अकरा," म्हणून कॉलिन थांबला आणि पुढचा ढीग पुन्हा एकपासून मोजू लागला. टीमचे धुतलेले मोजे आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरले होते आणि मी जोड्या लावत होते. क्लबचं वॉशिंग मशीन बंद आहे, कपडे धुणाऱ्या बाई रागावून सोडून गेल्या आहेत, त्यामुळे रविवारच्या मॅचचा चिखल आमच्या घरी येतो. मराठीतले अकरापर्यंतचे आकडे कॉलिन तुमच्या मैदानावर शिकला. पुढचे त्याला कधी लागले नाहीत. मोजता मोजता, मान वर न करता, त्याने विचारलं, मोरेश्वर अजून गोलपोस्टला हात लावून आत जातो का.

मी म्हटलं, त्याने खेळणं सोडून बारा वर्षं झाली.

"ते माहीत आहे," तो म्हणाला. मग एक मोजा सरळ करत, "पण हात लावायचा."

म्हणून हे पत्र, मोरेश्वर. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. भार्गवी म्हणाली, वन्सं, तुम्ही कागदावर लिहा आणि फोटो मला पाठवा, मी छापून यांच्या डब्याच्या पिशवीत ठेवते. लेथ बंद करून जेवायला बसलं की या माणसाला काहीतरी वाचायला लागतं, काही नसलं तर चटणी बांधलेला पेपर वाचतात. तुझी बायको तुला चांगली ओळखते.

तालमीच्या नीळकंठकाकांचा फोन आला होता. मला, पण कॉलिनसाठी. दोन हंगाम तालमीची टीम पहिल्याच फेरीत बाहेर गेली, पोरं सैरभैर झाली आहेत, कोच हवा. काका म्हणाले, "साहेबाला म्हणावं, ये. पण मोरेश्वर हो म्हणला तर. पोरं त्याच्या शब्दाबाहेर न्हाईत, आणि आमीबी न्हाई." गणपतीच्या आत नाव पक्कं करायचं आहे. मी फोन ठेवल्यावर कॉलिनने दोनदा विचारलं, काका नक्की काय म्हणाले. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने तुझं नाव तेवढं विचारलं.

तुला त्याची एकच मॅच आठवते. बाकीचं थोडक्यात सांगते, कारण तुझ्याकडे होकार मागायचा तर माणूस कोण आहे ते तरी तुला कळायला हवं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावचा तो. वडील मासळीच्या धक्क्यावर. सोळाव्या वर्षी शाळा सोडून फुटबॉल. तिसऱ्या आणि चौथ्या दर्जाचे क्लब, डिफेन्सला मध्यभागी. एकोणतिसाव्या वर्षी गुडघा गेला. दोन ऑपरेशनं झाली आणि दोन्हींचा उपयोग झाला नाही. मग कोच व्हायच्या परीक्षा दिल्या, पण तिकडे अशा माणसांची रांग आहे. फिनलंडने घेतलं. तिथे बर्फ झाडून सराव. मग पुण्यातल्या कुणीतरी तुमच्याकडे नाव सुचवलं आणि तो कोल्हापूरला आला. पुढे आमचं लग्न, माल्टा, पुन्हा फिनलंड, मग इथे, या डच गावात. इथेही आधी मोठ्या क्लबची मुलं होती, मग त्याहून लहान क्लब, मग हा. लोक पायऱ्या चढतात, तो एकेक उतरला. पण कुठल्याही पायरीवर बसून राहिला नाही, एवढं म्हणता येईल.

इथे मॅचला मैदानाच्या कठड्याशी पन्नास-साठ माणसं उभी असतात, कॉफी पीत. तो त्यांना सांगतो की कोल्हापुरात लोक शेजारच्या इमारतींच्या गच्च्यांवरून मॅच बघतात, आणि हरलेल्या तालमीच्या गल्लीत त्या दिवशी चूल पेटत नाही. ती चुलीची गोष्ट त्याला कुणी सांगितली माहीत नाही. मी खोडून काढलेली नाही.

तालमीमागची ती खोली त्याला पुरेल. एकट्याला पुष्कळ आहे.

तू हो म्हणावंस असं मला वाटतं.

इरावती

*

कापेल आन डेन आयसेल
२९ मे २०२५

मोरेश्वर,

तुझं उत्तर नाही. भार्गवीने मात्र कळवलं की तू वाचलंस, घडी करून वरच्या खिशात ठेवलंस, आणि हात धुताना तिला विचारलंस, "एकट्याला म्हणजे काय?" ती म्हणाली मला काय माहीत. तू म्हणालास, विचार. ती म्हणाली, बहीण तुमची हाय, तुम्हीच विचारा की. 

आज इथे सुट्टी आहे. येशू स्वर्गात गेला तो दिवस. दुकानं उघडी, ऑफिसं बंद. मी तरी सकाळी लायडनला जाऊन आले. प्रयोगशाळेतल्या पेशींना सण नसतो, त्यांना वेळच्या वेळी खाऊ घालावं लागतं. तिथे मला गेल्या वर्षी कायम केलं. या कागदासाठी मी फार थांबले. दर देशात मी दुसऱ्याच्या रजेवर, दुसऱ्याच्या टेबलावर काम केलं. आता दारावर माझं नाव आहे. डच लोक ते वाचतात 'इरावातीऽ', शेवट लांबवून. चालतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे नव्हे. येईन त्याच्याकडे.

आधी इथलं सांगते. लीगच्या आपल्या वर्गात क्लब शेवटून दुसरा आला आहे. आता अशा क्लबांच्या आपसात मॅचेस होतात, शेवटची पंधरा जूनला. ती हरलो तर खालच्या वर्गात. क्लबच्या अध्यक्ष यानेके नावाच्या बाई आहेत, निवृत्त दंतवैद्य. त्यांनी कॉलिनला बोलावलं, कॉफी दिली, डब्यातून एक बिस्किट दिलं, डबा बंद केला आणि सांगितलं, वर्ग टिकला तर तू राहशील, नाही टिकला तर नवीन माणूस बघू. इथे असंच तोंडावर सांगतात, आणि सांगून झालं की सायकलला दिवा आहे ना ते विचारतात. कॉलिन घरी येऊन म्हणाला, निदान बिस्किट चांगलं होतं.

त्याला इथे सर्वात जड जातं ते पोरांचं 'का'. तो सांगतो, उजव्या बॅकने पुढे जायचं नाही. उजवा बॅक रूबेन शाळेत इतिहास शिकवतो. तो हात वर करून विचारतो, का? मग दुसरा म्हणतो, माझं मत वेगळं आहे. मग सगळे गोल करून उभे राहतात आणि पाऊस पडत राहतो. इंग्लंडात 'येस' म्हणायचे आणि करायचे. कोल्हापुरात 'हो सर' म्हणायचे आणि स्वतःच्या मनाचं करायचे. ते बरं होतं म्हणतो, दम तरी कमी लागायचा.

गोलकीपर वाउटर अडतीस वर्षांचा आहे. रोटरडॅममध्ये ट्राम चालवतो. सहाव्या वर्षापासून याच क्लबात, त्याच्याआधी त्याचे वडील याच गोलमध्ये. राखीव गोलकीपर सेम हा डेल्फ्टला शिकणारा, लांब हातांचा मुलगा आहे. एरवी साधारण, पण पेनल्टी अडवण्यात तो वाउटरहून चांगला. सगळ्यांना माहीत आहे. वाउटरलाही.

तू इथपर्यंत वाचून थांबला असशील.

त्या फायनलबद्दल आपण कधी बोललो नाही. तू बोलला नाहीस आणि मग मी विमानात बसले. कॉलेजातल्या बहिणीला इंग्रजी येतं म्हणून तूच मला दुभाषी म्हणून मैदानावर आणलं होतंस. हंगामभर मी चुन्याच्या रेषेबाहेर उभी राहून त्याचं बोलणं मराठीत ओरडायचे. मागं ये. माणूस धर. बॉल सोड. पोरं हसायची, आक्कांचा आवाज कोचपेक्षा मोठा हाय म्हणायची. फायनल बरोबरीत गेली. जादा वेळ संपत आला तेव्हा कॉलिन मला म्हणाला, गोलकीपर बदलायचा आहे. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो म्हणाला, सांग त्याला.

"मोरेश्वर, बाहेर ये."

वाक्य त्याचं होतं, आवाज माझा. सगळं मैदान बघत होतं, आणि पेठेच्या गोलकीपरला पेठेसमोर कुणी बाहेर काढत नाही हे तिथल्या शेंगा विकणाऱ्यालाही ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं. किंवा होतं. मी कधी विचारलं नाही. बदली पोराने दोन पेनल्ट्या अडवल्या, तालमीने कप नेला, गुलालात कॉलिन तीन दिवस लाल होता. तू हातमोज्यांसकट मागच्या फाटकातून घरी गेलास.

हरलो असतो तर तू आतापर्यंत माफ केलं असतंस असं मला कधी कधी वाटतं.

शिवांगी दहा वर्षांची आहे. तिला मी मराठीत बोलते, ती डचमध्ये उत्तर देते, आणि कॉलिन मध्ये बसून इंग्रजीत मीठ मागतो. काल जेवताना तिने विचारलं, बाबा इंडियाला गेला तर आईपण जाणार का. डचमध्ये विचारलं, त्यामुळे कॉलिनला नीट कळलं नाही. मी तिला मराठीत म्हटलं, भात संपव.

इरावती

*

कापेल आन डेन आयसेल
१५ जून २०२५

मोरेश्वर,

हरलो. आधी तेवढं सांगून टाकते. आत्ता संध्याकाळ आहे, इथे जूनमध्ये संध्याकाळ संपता संपत नाही. मशीन फिरतं आहे.

मॅच गौडाजवळच्या एका क्लबशी, आपल्याच मैदानावर. आपल्याच म्हणजे इथल्या. मी कँटीनमध्ये होते. इथे पालकांना आळीपाळीने कँटीनमध्ये उभं राहावं लागतं आणि कोचच्या बायकोला पाळी नसली तरी राहावं लागतं. काउंटरमागे बादलीत फुलांचा एक मोठा गुच्छ होता, पिवळ्या कागदात. मी यानेकेबाईंना विचारलं, कुणासाठी. त्या म्हणाल्या, कॉलिनसाठी, जिंकलो तर अभिनंदन, हरलो तर निरोप. दोन्हीला चालतो. रविवारी दुकान लवकर बंद होतं, म्हणून कालच आणून ठेवला. मी त्या बादलीत थोडं पाणी घातलं.

मॅच एक-एक राहिली. जादा वेळात काही झालं नाही. दोन्हीकडची पोरं पाय ओढत होती. मी ॲप्रन काढून कठड्याशी गेले. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा बॉल बाहेर गेला होता, आणि वाउटर गोल सोडून चालत बाजूच्या रेषेपर्यंत आला. कठड्यापासून लांब नव्हता, मला नीट ऐकू आलं.

"मला बाहेर काढ," तो म्हणाला. "सेम चांगला आहे."

असं, दूध संपलंय म्हणावं तसं. त्याला त्यात काही वाटलं नव्हतं, मोरेश्वर. कमीपणा नाही, त्याग नाही. हिशेब बरोबर होता, तो त्याने सांगितला. सेमने अंगातलं जाकीट काढलंसुद्धा होतं.

कॉलिनने माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांपूर्वी बघितलं होतं तसं, जणू मी एखादं वाक्य उचलून पलीकडे द्यायचं आहे. इथे दुभाषी लागत नाही. वाउटरचं इंग्रजी माझ्याइतकंच चांगलं आहे. 

"नाही," कॉलिन म्हणाला. "तू राहा."

"का?" वाउटरने विचारलं.

 पंचांनी वाउटरला आत पिटाळलं.

त्याने एकही पेनल्टी अडवली नाही. दर वेळी चुकीच्या बाजूला गेला. शेवटची तर त्याच्या पायाखालून गेली आणि तो तसाच गवतावर बसून राहिला. पलीकडचे लोक नाचले. आपल्याकडच्यांनी एकमेकांशी हात मिळवले, पलीकडच्यांशी मिळवले, आणि सगळे कॉफीला आत आले. इथे हरल्यावरही कॉफी घेतात. चुली पेटत्या असतात.

कँटीनमध्ये वाउटर कॉलिनसमोर उभा राहिला. ओरडला नाही. म्हणाला, तू मला का ठेवलंस ते मला अजून कळलेलं नाही. माझ्यासाठी ठेवलं नाहीस, कारण मी बाहेर यायला तयार होतो. टीमसाठी नाही, कारण सेम तिथे उभा होता. मग कोणासाठी?

सगळे ऐकत होते. रूबेनसुद्धा.

कॉलिन म्हणाला, "एकदा मी एकाला बाहेर काढलं होतं."

वाउटरने विचार केला. "तो मी नव्हतो," म्हणाला, आणि अंघोळीला गेला.

यानेकेबाईंनी गुच्छ दिला. थोडक्यात बोलल्या. टाळ्या वाजल्या, मनापासून वाजल्या. मग कॉलिन बाहेर जाऊन प्लास्टिकचे कोन गोळा करत राहिला, जे सरावासाठी सकाळी मांडले होते आणि पोरांनी उचलले नव्हते. एकात एक घालत होता. मी आतून बघत होते. हा माणूस किती मैदानांवरून कोन उचलून निघाला आहे, आणि दर वेळी मी घरी जाऊन सामान बांधायची खोकी काढली आहेत. आज मी खोकी काढली नाहीत. माळ्यावर आहेत. राहू देत.

आता तुझा प्रश्न. एकट्याला म्हणजे एकट्याला. तो कोल्हापूरला आला तर मी येणार नाही. तो दुसरीकडे कुठे गेला तरी जाणार नाही. शिवांगी माझ्याजवळ राहील, सुट्टीत त्याच्याकडे जाईल. भांडण नाही. दुसरं कुणी नाही, त्याला नाही आणि मला नाही. मी दमले, मोरेश्वर. मला एका गावात राहायचं आहे, जिथे हिवाळ्यात मला माहीत असेल की रस्त्यात कुठे पाणी साचतं. ते गाव हे निघालं. कोल्हापूर निघालं असतं तर सोपं झालं असतं. कोल्हापूरची ओढ त्याला आहे. मला लाज वाटते की मला नाही.

हे त्याला अजून सांगितलेलं नाही. इंग्रजीत सांगायचं म्हटलं की वाक्य तयार होतं, अगदी नीट, आणि मग ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं. तुला मराठीत लिहिता आलं.

वाउटरचं तुझं मन वळावं म्हणून लिहिलेलं नाही. कॉलिनने आज जे केलं ते तुझ्यासाठी केलं, आणि ते चुकीचं होतं, आणि त्याचं काम गेलं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचं काय करायचं ते तू ठरव. तो बावन्न वर्षांचा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर पुढे कुणी बोलावेल असं मला वाटत नाही. त्यालाही वाटत नाही, पण तो रोज सकाळी फोन बघतो.

हो म्हण, नाही म्हण. पण जे काय ते त्याला सांग. मला नको, भार्गवीला नको. त्याला.

मशीन थांबलं.

आक्का

*

१६ जून

पत्राचा फोटो काल गेला. कागद माझ्याकडेच आहे, खाली जागा होती, म्हणून त्यावरच लिहून ठेवते.

आज सकाळी मोरेश्वरचा फोन आला. माझ्या नंबरवर. शिवांगी दात घासत होती, कॉलिन स्वयंपाकघराबाहेरच्या गॅलरीत मोजे वाळत घालत होता. मागून लेथचा आवाज येत होता, मग तो बंद झाला. मोरेश्वर म्हणाला, "आक्का, स्पीकरवर टाक. आन् मी काय म्हणतोय ते त्यास्नी सांग. कमीजास्त करू नको."

मी फोन गॅलरीच्या कठड्यावर ठेवला.

तो म्हणाला, "दाजींना सांग, माझ्या वेळंला त्यांनी बरोबर केलं होतं. काल चुकलं."

मी सांगितलं. दाजी कसं सांगायचं ते सुचलं नाही, म्हणून तो शब्द तसाच ठेवला. कॉलिनच्या हातात एक मोजा होता. त्याने मान हलवली, मग फोनवरून मान दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाला, "आय नो."

"तेवढं इंग्रजी मला कळतं," मोरेश्वर म्हणाला. मग म्हणाला की दाजींनी ऑगस्टात यावं. गोलकीपर तो स्वतः बघेल, त्यात दाजींनी पडायचं नाही. बाकीची टीम दाजींची, कुणाला बाहेर काढायचं ते त्यांनी ठरवायचं आणि बिनधास्त काढायचं. मी वाक्यावाक्याने सांगत गेले. कॉलिन प्रत्येक वाक्याला येस म्हणाला.

शेवटी मोरेश्वर खोलीच्या गोष्टीवर आला. स्पीकर चालू आहे हे तो विसरला असेल, किंवा नसेल. म्हणाला, "आक्का, खोली किती माणसांची बघू?"

"एक," मी म्हटलं.

हे मी भाषांतर करून सांगितलं नाही; अकरापर्यंतचे आकडे त्याला येतात. कॉलिनने हातातला मोजा दोरीवर घातला, त्याला चिमटा लावला. मग बादलीतून त्याचा जोड शोधून काढला, तोही घातला. मग आत जाऊन शिवांगीला म्हणाला की शाळेला उशीर होतोय. तिला सोडायला तोच गेला.

मी नेहमीच्या गाडीने लायडनला गेले.